चूक झाल्यानंतरचं पान

भाच्यानं प्रश्न विचारला तेव्हा तो जमिनीवर पालथा पडून वाचत होता आणि मी गणिताचे पेपर तपासत होते. "मावशी, सगळ्यात गुंतागुंतीचा सुपरहीरो बॅटमॅनच ना?" चौदा वर्षांचा आहे तो. या वयात उत्तर आधीच ठरलेलं असतं, मोठ्यांकडून फक्त त्यावर सही हवी असते. मी "नाही" म्हटलं, तसा तो उठून बसला. मग कोण? आणि का नाही? डोळ्यांदेखत आईवडील मारले गेले, आयुष्यभर झोप नाही, हसू नाही, अंधारात एकटा. एवढं पुरत नाही?

मी सांगायला लागले, पण अर्ध्यावर त्याला हाक आली आणि तो गेला. माझ्या डोक्यातून विषय काही जाईना. तीस वर्षं ही चित्रकथांची पानं वाचतेय, पण कोण का आवडतो आणि कोण का छळतो हे एकदाही नीट मांडलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

आधी माझं मत सांगते. दुःख म्हणजे गुंतागुंत नव्हे. दुःख कुणाच्याही वाट्याला येतं, त्यात आपली करणी काही नसते. आपल्यासोबत वाईट घडणं वेगळं आणि आपल्या हातून वाईट घडणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीनंतर माणूस काय करतो, कुणाच्या डोळ्याला डोळा देतो, कुणाला टाळतो, स्वतःशी किती खोटं बोलतो, तिथे मला खरी गुंतागुंत दिसते. कुठलाही सुपरहीरो हाती आला की मी त्याची मारामारी भरभर उलटते आणि चूक झाल्यानंतरचं पान शोधते. काहींच्या बाबतीत ते पान सापडतच नाही. पनिशर घ्या. १९७४ साली स्पायडरमॅनच्या अंकात तो पहिल्यांदा आला, घरच्यांना गमावलेला, बंदूक घेऊन न्याय करत सुटलेला. त्याचं दुःख खरं आहे, पण त्याला प्रश्न पडत नाही. ज्याला प्रश्नच पडत नाही त्याच्याबद्दल मला फार वेळ विचार करता येत नाही.

आता बॅटमॅन. भाच्याचा देव आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

बॅटमॅन मारत नाही, ही त्याची शपथ सगळ्यांना पाठ असते. पण मे १९३९ च्या पहिल्याच कथेत त्याच्या ठोशानं एक गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. १९४० मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाचं मासिक निघालं, त्याच्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ठरवलं की आता बंदूक नको, हत्या नको. म्हणजे ही शपथ गुहेत मेणबत्तीच्या उजेडात घेतलेली नव्हती, ती संपादकाच्या टेबलावर ठरली. हे सांगितल्यावर भाच्याचा चेहरा उतरला. मला मात्र यानं शपथ लहान झाली असं वाटत नाही. आपणही बरेचसे नियम दुसऱ्यांकडूनच घेतो. पुढे ते आपलेसे होतात आणि एके दिवशी त्यांची किंमत मोजावी लागते. बॅटमॅनची किंमत मोजायची वेळ १९८८ साली आली.

जेसन टॉड हा दुसरा रॉबिन, म्हणजे बॅटमॅननं मुलासारखा सांभाळलेला साथीदार. चिडका, उद्धट, अनेक वाचकांना नकोसा झालेला. 'अ डेथ इन द फॅमिली' या कथेत बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर त्याला पहारीनं मारतो आणि मग स्फोट होतो. तो वाचला की मेला हे प्रकाशकांनी वाचकांवर सोपवलं होतं. दोन फोन नंबर दिले, एक 'जगू दे'साठी आणि एक 'मरू दे'साठी. ५,२७१ जणांनी जगू दे म्हटलं, ५,३४३ जणांनी मरू दे. भाच्यानं वजाबाकी क्षणात केली. "फक्त बहात्तर?" हो, फक्त बहात्तर. जोकरचं पाप जोकरचंच आहे, पण त्या पोराला मारणाऱ्या हातांमध्ये वाचकांचेही हात आहेत आणि ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. बॅटमॅननं जेसनचा पोशाख गुहेत काचेच्या पेटीत उभा करून ठेवला. त्या पेटीत मला त्याचा सगळा स्वभाव दिसतो. अपराध मान्य आहे, रोज बघायचाही आहे, पण घराच्या तळात, जिथे दुसरं कुणी येत नाही.

पुढे जेसन परत येतो. कसा येतो ते सोडा, त्या कारणमीमांसेत मला रस नाही. जड्ड विनिक यांच्या 'अंडर द हूड'च्या शेवटी, २००६ मध्ये, तो जोकरला धरून बॅटमॅनसमोर उभा राहतो आणि विचारतो, हा अजून जिवंत का? मला वाचवता आलं नाही म्हणून मी रागावलेलो नाही. बाकीच्या गुन्हेगारांचं मी म्हणत नाही. फक्त हा एक. यानं मला तुझ्यापासून हिरावलं, तरी तू याला जगू दिलंस. या प्रश्नाला कोणत्या बापाकडे उत्तर आहे? बॅटमॅनचं उत्तर असं, की ते अवघड आहे म्हणून नव्हे, फार सोपं आहे म्हणून. एकदा त्या जागी उतरलो तर मी परत वर येणार नाही.

हे वाचलं की मी थांबते. प्रामाणिक उत्तर आहे. पण ते सगळं स्वतःबद्दल आहे. मी बिघडेन, मी परत येणार नाही. समोर पोरगा विचारतोय की माझं काय, आणि बाप सांगतोय की माझं काय होईल. जोकर पुन्हा सुटणार, पुन्हा कुणाचं तरी लेकरू मारणार, हे बॅटमॅनला आणि आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे हात स्वच्छ राहावेत म्हणून बिल अनोळखी माणसं भरतात. तरीही त्यानं मारायला हवं होतं असं मला म्हणवत नाही. एक माणूस रात्री मुखवटा घालून ठरवणार की कोण जगेल आणि कोण नाही, तर त्याच्यात आणि पनिशरमध्ये फरक काय राहिला? म्हणून बॅटमॅन गुंतागुंतीचा आहेच, भाच्याचं तेवढं बरोबर. पण आईवडील गेले त्या गल्लीमुळे नाही. त्या एका प्रश्नामुळे, ज्याचं पूर्ण उत्तर त्याच्याकडे नाही.

"आणि सुपरमॅन म्हणजे नुसता चांगला," असं भाचा म्हणाला होता. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की आता वाईट वाटतं. चांगलं असणं सोपं आहे हे कुणी ठरवलं?

१९८५ सालच्या एका वार्षिकांकात ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी त्याला एक स्वप्न दिलं. छातीवर एक परजीवी फूल चिकटतं आणि त्याला त्याच्या मनातलं सगळं मिळतं. त्याचा जन्मग्रह क्रिप्टॉन फुटलेला नाही. नोकरी आहे, घर आहे, बायको आहे, लहान मुलगा आहे. स्वप्न विरू लागतं तेव्हा तो त्या मुलाला जवळ घेऊन सांगतो की तू खरा आहेस असं मला वाटत नाही. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि त्याच्या मनातली सगळ्यात मोठी इच्छा काय, तर संध्याकाळी घरी जावं. ते स्वप्न त्याला स्वतःच्याच मनानं सोडावं लागतं. आपल्या मुलाला 'तू नाहीस' असं सांगणाऱ्या माणसाला मी नुसता चांगला म्हणून बाजूला सारू शकत नाही.

पण माझ्या कसोटीचं पान १९८८ मधलं आहे. जॉन बर्न तेव्हा सुपरमॅन लिहीत आणि काढत होते, आणि हा त्यांचा शेवटचा अंक होता. एका वेगळ्या विश्वात तीन क्रिप्टॉनी गुन्हेगारांनी तिथली अख्खी पृथ्वी निर्जीव केली आहे. सुपरमॅन त्यांची शक्ती काढून घेतो. ते हसून सांगतात की शक्ती पुन्हा मिळवू आणि तुझी पृथ्वी शोधून काढू. तिथे त्यांना ठेवायला तुरुंग नाही, न्यायाधीश नाही, माणूसच उरलेला नाही. मग तो हिरव्या क्रिप्टोनाइटचा, क्रिप्टॉनच्या माणसांचा जीव घेणाऱ्या खनिजाचा, डबा उघडतो. त्या चौकटींमध्ये मारामारी नाही. एक माणूस उभा आहे आणि तीन माणसं त्याच्यासमोर कोसळत, गयावया करत मरतायत. तो स्वतः न्यायाधीश झाला आणि स्वतःच जल्लादही झाला.

त्यानंतरचं पान इथे एक नाही, महिनोन्‌महिन्यांचे अंक आहेत. पुढच्या लेखकांनी ती गोष्ट विसरू दिली नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. सुपरमॅनचं मन दुभंगतं. तो दुसऱ्याच एका मुखवट्यात रात्री फिरायला लागतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. हे कळल्यावर तो पृथ्वीच सोडून जातो, आपण माणसांसाठी धोका आहोत म्हणून. कुणी त्याला शिक्षा दिलेली नव्हती. कुणाला माहीतही नव्हतं. ज्याच्या कातडीतून गोळी आत जात नाही, त्याच्या आत हे शिरलं आणि बाहेर पडेना.

आता त्याच्याच शेजारी वंडर वूमनला उभं करा. २००५ साली ग्रेग रका यांनी लिहिलेला अंक आहे. मॅक्सवेल लॉर्ड दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेऊ शकतो आणि त्यानं सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतलाय. सुपरमॅनला समोर आपल्या बायकोचा खुनी दिसतो आणि तो पूर्ण ताकदीनिशी वंडर वूमनवर तुटून पडतो. तिच्याकडे काही क्षण असतात. ती मॅक्सवेलला सत्याच्या दोरात गुंडाळते. त्या दोरात खोटं बोलताच येत नाही. ती विचारते, याला सोडवायचं कसं? तो उत्तर देतो, मला मारून. आणि ती त्याची मान मोडते.

कथेचा हा सांगाडा किती काटेकोर आहे बघा. शंकेला जागाच ठेवलेली नाही. रागात नाही, सूडानं नाही, अंदाजानंही नाही. तिनं खरं उत्तर मागितलं आणि तिला ते मिळालं. मग भानावर आलेला सुपरमॅन तिच्याकडे बघतो, आणि त्या नजरेत आभार नसतात. जिच्यामुळे तो स्वतःचा झाला, तिच्याच हातांकडे तो असा बघतो की जणू ती परकी बाई आहे. बॅटमॅनही पाठ फिरवतो. पुढे जगाला त्या क्षणाचं चित्रण दिसतं, पण फक्त मान मोडण्याचं. त्या आधीचा प्रश्न आणि उत्तर दिसत नाही.

हे तिघं शेजारी ठेवले की मला वेळ लागतो. एक जण रेघ ओलांडत नाही आणि किंमत दुसरे मोजतात. दुसरा ओलांडतो आणि आतून फुटतो. तिसरी ओलांडते आणि उभी राहते, म्हणते की हो, मी केलं, का केलं ते विचारा. आपल्याला फुटलेला माणूस जवळचा वाटतो, कारण त्याच्या रडण्यानं आपल्याला खात्री पटते की तो वाईट नाही. न रडणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायला आपण तयार नसतो. वंडर वूमनवर आजवर जो अन्याय झालाय तो मला इथे दिसतो. तिला 'गुंतागुंतीची' म्हणताना लोक अडखळतात, कारण ती निर्णयानंतर डळमळत नाही. पण विचार करून घेतलेला निर्णय अंगावर बाळगत, दोन सगळ्यात जवळच्या मित्रांची नजर सोसत उभं राहणं यात काय कमी गुंता आहे? विशीत मला हे कळलं नव्हतं. तेव्हा मीही तिला कोरडी म्हणत होते.

जॉन बर्न यांचं नाव आलंच आहे तर आणखी एक. सुपरमॅनचा तो अंक काढण्याच्या आठ वर्षं आधी, १९८० मध्ये, त्यांनीच जीन ग्रेचा मृत्यू काढला होता. कथा ख्रिस क्लेअरमाँट यांची. एक्स-मेन या सुपरहीरोंच्या चमूतली जीन फीनिक्स नावाची अफाट शक्ती होते, शक्तीच्या नशेत एक तारा गिळते आणि त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरची पाच अब्ज माणसं संपतात. लेखकांचा मूळ विचार तिला जिवंत ठेवायचा होता, शक्ती काढून घेऊन. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. एवढ्या हत्या करून ती नुसती घरी जाईल हे चालणार नाही. मग शेवट बदलला आणि चंद्रावर, तिच्या प्रियकराच्या, स्कॉटच्या डोळ्यांसमोर, जीननं स्वतःलाच संपवलं.

शूटर यांचा प्रश्न योग्य होता असं मला वाटतं. पाच अब्ज हा आकडा कथेत सहज लिहिता येतो, पण कुणीतरी विचारायलाच हवं होतं की या माणसांचं काय. पण त्यांच्या उत्तराशी मी आजही भांडते. मेल्यानं कर्ज फिटत नाही, फक्त वसुली थांबते. जीन ग्रे शक्तीविना जगली असती, रोज सकाळी उठून ती संख्या आठवली असती, कुणा परग्रहावरच्या उरल्यासुरल्या नातेवाइकासमोर तिला उभं राहावं लागलं असतं, तर ती या माध्यमातली सगळ्यात मोठी व्यक्तिरेखा झाली असती. तिचा मृत्यू देखणा आहे. मी रडलेय त्यावर. पण त्यानं मला हवं ते पान फाडून नेलं.

बाकीच्यांवर फार थांबत नाही. टोनी स्टार्कची, म्हणजे आयर्न मॅनची, १९७९ सालची दारूची कथा तिच्या काळासाठी धीट होती, चिलखतातल्या माणसाचा हात बाटलीकडे जातो हे दाखवणं सोपं नव्हतं. हल्कच्या रागामागे मारकुटा बाप आहे हे १९८५ साली बिल मँटलो यांनी लिहिलं आणि त्यानंतर तो हिरवा राक्षस मला कधी राक्षस वाटला नाही. डेअरडेव्हिलवर मात्र एक परिच्छेद हवाच. १९८६ सालच्या 'बॉर्न अगेन'मध्ये कॅरन पेज, त्याची जुनी प्रेयसी, व्यसनाच्या एका मात्रेसाठी त्याचं खरं नाव, मॅट मर्डॉक, विकते. ते नाव फिरत फिरत गुन्हेगारांच्या म्होरक्यापर्यंत, किंगपिनपर्यंत जातं. मॅटची वकिली जाते, पैसे जातात, घर उडवलं जातं, डोकं ताळ्यावर राहत नाही. आणि कॅरन समोर येते तेव्हा तो तिला मिठीत घेतो, हिशेब मागत नाही. फ्रँक मिलर यांच्या लेखनात कठोरपणा भरपूर आहे, पण डेव्हिड माझुकेली यांनी काढलेल्या त्या मिठीत तो कुठेच नाही. क्षमा करणारा नायक बदला घेणाऱ्यापेक्षा लिहायला फार अवघड असतो.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो.

स्पायडरमॅनची पहिली गोष्ट ऑगस्ट १९६२ च्या अंकात आली. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची अकरा पानं. चोर पळत येतो, पोलीस ओरडतो, अडव त्याला, आणि पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडरमॅन, नुसता बाजूला उभा राहतो. यापुढे मी माझ्यापुरतं बघणार, एवढंच त्याचं म्हणणं. पुढे तोच चोर त्याला वाढवणाऱ्या काकांना, अंकल बेनना, मारतो. ताकदीबरोबर जबाबदारी येते, हे वाक्य सगळे बेनच्या तोंडी घालतात. त्या मूळ अंकात बेन ते म्हणतच नाही. ते शेवटच्या चौकटीत निवेदक सांगतो, पीटर पाठमोरा अंधारात चालत जात असताना. मला हा फरक फार मोठा वाटतो. काकांनी आधी बजावलं होतं आणि यानं ऐकलं नाही, अशी ती गोष्ट नाही. कुणी काही बजावलं नव्हतं. शहाणपण किंमत मोजून झाल्यावर आलं, आणि तेव्हा ऐकवायला काका नव्हते.

इथे मला माझं सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी आई दोन दिवस म्हणत होती की छातीत जड जड वाटतंय. मी पेपर तपासत होते, निकालाची तारीख डोक्यावर होती. मान वर न करता मी म्हटलं, "पित्त झालं असेल, पड जरा." दोनदा म्हटलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं.

त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर स्पायडरमॅनचा १९६६ सालचा एक जुना अंक उघडला. का उघडला सांगता येणार नाही, हाताला दुसरं काही सुचलं नाही. तेहतिसावा अंक. पीटर लोखंडाच्या ढिगाऱ्याखाली अडकलाय. छतातून पाणी गळतंय. त्याच्या काकूला, आंट मेला वाचवणारं औषध समोर जमिनीवर पडलंय, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. ती आजारी आहे ती त्याच्याचमुळे, त्यानं दिलेल्या रक्तातल्या किरणोत्सारामुळे. चांगल्यासाठीच दिलं होतं रक्त. डिटकोनं काय केलंय बघा. तो उठायचा प्रयत्न करतो, जमत नाही. पुन्हा करतो. चौकट थोडी मोठी होते. पुन्हा. आणखी मोठी. खांदे, मान, थरथरणारे हात. मग एक पूर्ण पान, आणि ढिगारा वर उचललेला. अंकल बेनला आपण गमावलं, आता हिला गमावणार नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

मी ते पूर्ण पान बघितलंच नाही त्या रात्री. आधीच्याच पानावर बसून राहिले, जिथे त्याला अजून उचलता येत नाही.

आई वाचली. पण त्या दिवसांतली एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, आणि ती समजायला मला आणखी एक अंक लागला.

स्पायडरमॅनचाच १९७३ सालचा १२१ वा अंक, गेरी कॉनवे आणि गिल केन यांचा. पीटरचा शत्रू ग्रीन गॉब्लिन त्याच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली फेकतो. पीटर जाळं सोडतो, ते तिच्या पायाला जाऊन चिकटतं. तिच्या मानेजवळ अगदी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय, स्नॅप. पहिल्यांदा वाचताना तो नजरेतून सुटतो. पीटरच्याही सुटतो. तो तिला वर ओढत स्वतःचीच पाठ थोपटत असतो, आणि वर आल्यावर कळतं की ती नाही. काही अंकांनंतर वाचकांच्या पत्रांच्या पानावर संपादकांनी मान्य केलं की अचानक झटका बसून मान मोडली. म्हणजे त्यानं वाचवलं नसतं तरी ती गेली असती, आणि वाचवल्यामुळेही गेली. पहिल्या वेळी काही न केल्यानं माणूस गेला. या वेळी केल्यानं गेला. मग करायचं तरी काय? या प्रश्नाला उत्तर नाही. कॉनवेनं देण्याचा आव आणला नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

पण मला १२१ पेक्षा १२२ जवळचा. तिथे पीटर गॉब्लिनला मारायला जातो, ठोसे मारत सुटतो आणि ऐनवेळी भानावर येऊन थांबतो. गॉब्लिन मरतो तो स्वतःच्याच यानामुळे. पीटर बघत राहतो आणि त्याला काहीच बरं वाटत नाही. नंतर तो घरी येतो. मेरी जेन बसलेली असते. तोवर ती नुसती मजा मारणारी, कशातही न अडकणारी मुलगी म्हणून आपल्याला ठाऊक. पीटर तिला वाट्टेल ते बोलतो. तुला कुणाचं काय पडलंय, तुझी स्वतःची आई मेली तरी तुला काही वाटणार नाही, निघून जा. ती दारापर्यंत जाते. दार उघडलेलं आहे. तिचे डोळे भरलेत. ती एक क्षण थांबते, आणि दार लावून घेते. आतून. कडीचा आवाज अक्षरांत लिहिलाय, क्लिक. अंक संपतो.

आदल्या अंकात स्नॅप, या अंकात क्लिक. दोन छोटे आवाज. त्या दोघांमध्ये मला या माध्यमाची सगळी ताकद दिसते.

आई अतिदक्षता विभागात असताना तिसऱ्या दिवशी ताई आली. लांबचा प्रवास करून, चेहरा उतरलेला. रात्री घरी तिनं साधं विचारलं, "आधी काही म्हणाली होती का गं आई?" मी जे बोलले ते इथे लिहिणार नाही. तू कधी येतेस, तुला काय माहीत, चौकशा करायला तेवढी येतेस, जा परत. यापेक्षा वाईट. ती उठली, पिशवी घेतली, दाराशी गेली. मी मान फिरवून बसले होते, मला दिसत नव्हतं. मला फक्त कडीचा आवाज आला. मला वाटलं, गेली. मी रडायला लागले, आणि मग कुणीतरी शेजारी येऊन बसलं.

हे मी भाच्याला सांगितलेलं नाही. ताईच्या आणि माझ्यातही त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. आई घरी आल्यावर मात्र मी तिला सांगितलं, की तू दोन दिवस म्हणत होतीस आणि मी मान वर केली नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, उशी जरा वर कर.

काल भाचा पुन्हा आला. त्याला मी बॅटमॅनबद्दल आणखी काही सांगितलं नाही, १२१ आणि १२२ हे दोन अंक त्याच्या हातात दिले आणि पेपर तपासायला बसले. पहिला अंक संपवून तो काही बोलला नाही. दुसरा वाचायला वेळ लावला. शेवटच्या पानावर आल्यावर तो एक पान मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे.

"मावशी, तो तिला इतकं वाईट बोलला. दार उघडं होतं. मग ती गेली का नाही?"

मी लाल पेन खाली ठेवलं. स्वयंपाकघरात ताई आईशी काहीतरी बोलत होती, दोघी हसत होत्या.

"हे तुझ्या आईला विचार," मी म्हटलं.